नजरेची वहिवाट

"मी आज इथं नाहीये," ते गृहस्थ म्हणाले.

चांगले समोर उभे होते. पन्नाशी ओलांडलेली, फिकट निळा शर्ट, हातात मोजे. पाच मिनिटांपूर्वी ते पायवाटेच्या कडेच्या बाकावर बसले होते. बूट काढून शेजारी शेजारी नीट लावलेले, आणि उघडी पावलं त्या बुटांवर टेकलेली. उतरतं ऊन होतं. मागच्या दगडी भिंतीवर त्यांची सावली पडली होती आणि सावलीची मान त्यांच्या मानेपेक्षा जास्त वाकलेली दिसत होती. मी कॅमेरा उचलला, एक फोटो काढला आणि पुढं चालायला लागले. मागून हाक आली, "अहो, ओ ताई!" वळून बघते तर ते अनवाणीच, खडे टोचत असल्यासारखे पाय उचलत माझ्याकडे येत होते.

"काढलात का माझा?"

"हो."

"बघू."

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते: चेहरा नीट दिसतही नाही, जागा सार्वजनिक आहे, मी कुठं छापणार नाही. यातलं काहीच लागलं नाही.

"चांगला आलाय," ते म्हणाले. "पण पुसून टाका. मी आज इथं नाहीये."

मी पुसला. "फोनमध्ये जात नाही ना आपोआप?" त्यांनी विचारलं. जातो. माझा कॅमेरा फोनला जोडलेला असतो. मग फोन काढला, तिथूनही पुसला, आणि पुसलेले फोटो महिनाभर ज्या कप्प्यात पडून राहतात त्या कप्प्यातूनही. शेवटपर्यंत ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते. "आभारी आहे," म्हणाले, बाकाशी परत गेले, मोजे चढवले, आणि मी चालले होते त्याच्या उलट दिशेनं निघून गेले.

त्या संध्याकाळी ते कुठं असायला हवे होते, कुणाला काय सांगून आले होते, हे मला माहीत नाही आणि माझा तो विषयही नाही. माझ्या डोक्यात बसलं ते वाक्य. त्यांना फोटो वाईट आला म्हणून नको नव्हता, चांगला आला म्हणूनही नको नव्हता. बूट काढून अर्धा तास कुठंच नसण्याची चैन ते करत होते आणि मी ती मोडली.

फोटो काढण्याला आपण 'टिपणं' म्हणतो. पाखरू दाणे टिपतं, शिकारी सावज टिपतो, आणि डोळ्यांतलं पाणीही आपण टिपतोच. एवढी सोयीची क्रियापदं भाषेत फार नसतात. मी इतकी वर्षं स्वतःला पाखरू समजत आले. त्या दिवशी वाटलं, समोरच्याला आपण पाखरू दिसत नसू.

अनोळखी माणसाचा पहिला फोटो कोणता, याचं उत्तर बहुतेक अपघात असंच आहे. १८३८ साली लुई दागेरनं पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. तेव्हाच्या पत्र्यावर उमटायला कित्येक मिनिटं लागायची. रस्ता गजबजलेला असणार, गाड्या, घोडे, माणसं. फोटोत मात्र तो ओसाड आहे. जे जे चालत होतं ते सगळं पुसलं गेलं. उरला तो डाव्या बाजूच्या कोपऱ्यावरचा एक माणूस, एक पाय वर ठेवून बुटाला पॉलिश करून घेणारा, आणि त्याच्या पायाशी धूसर असा पॉलिशवाला. छायाचित्रात आलेली पहिली माणसं म्हणून ती दोघं ओळखली जातात. नावं कुणालाच माहीत नाहीत. त्यांनी होकार दिला नव्हता, नकारही नाही. त्यांचं कर्तृत्व एवढंच की बाकीचे चालत असताना ते थांबले.

मला हा फोटो फार आवडतो, आणि आवडण्याचं कारण थोडं वैयक्तिक आहे. बाईमाणूस म्हणून रस्त्याशी माझं जे नातं आहे ते त्यात दिसतं. चालणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. थांबलेल्या बाईला विचारतात. "कुणाची वाट बघताय?" "काही हवंय का?" पाय चालू आहेत तोवर आपण अदृश्य, पाय थांबले की उमटलो. कॅमेरा गळ्यात आला तेव्हा मला पहिला फायदा झाला तो हाच, थांबायला कारण मिळालं. आता मी उभी राहून बघू शकत होते. मराठीत उभं राहून बघणारा माणूस वाटच बघत असतो. नुसतं बघण्याची सोय भाषेनंही फारशी ठेवलेली नाही.

पण हे माझं थांबणं कुणाच्या तरी खर्चानं चाललं आहे, हे लक्षात यायला मला एक फाटक लागलं.

त्या बाकाच्या पुढं ती पायवाट दोन शेतांच्या मधून जाते आणि ओढ्याला मिळते. अकरा वर्षं मी तिथून चालत होते. एका सकाळी तिथं लोखंडी फाटक, दोन्ही बाजूंना काटेरी तार आणि पाटी: 'खासगी मालमत्ता. आत येण्यास सक्त मनाई. आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात.' (मनाई करताना कुणाला, ते नाही, निगराणीखाली घेताना मात्र अदबीनं 'आपण'.) खांबावर कॅमेरा, त्यात लाल ठिपका. मी अजून फाटकाच्या अलीकडे, सगळ्यांच्या रस्त्यावर उभी होते आणि माझा फोटो निघत होता. विचारलं कुणी? मालकाला माझी पावलं नको होती, चेहरा मात्र हवा होता. मी संतापले. आणि संतापाच्या मधोमध निळा शर्ट आठवला.

घरी येऊन मी वाटेच्या हक्काबद्दल वाचायला बसले. फाटकाविरुद्ध भांडायचं होतं म्हणून. भांडण राहिलं बाजूला, हाती लागलं ते माझ्या कॅमेऱ्याबद्दल होतं.

आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, वहिवाट. वाहती राहिलेली, वापरात राहिलेली वाट. कागदावर काहीही असो, माणसं वर्षानुवर्षं एखाद्या जागेतून जात राहिली की त्या जाण्याचाच हक्क होतो. भारतातला १८८२ चा ईझमेंट कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराच्या हक्काचा कायदा, जाण्यायेण्याच्या हक्कासाठी २० वर्षांचा वापर मागतो, आणि तो वापर कसा हवा तेही सांगतो: शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून, खंड न पडता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टमध्येही २० वर्षंच आहेत. तिथं सार्वजनिक पायवाटा आणि तत्सम रस्ते मिळून सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटरचं जाळं नकाशावर नोंदलेलं आहे, आणि त्यातल्या कित्येक वाटा कुणी आखल्या नाहीत, त्या पायांनी पडल्या.

या वापराची कसोटी रोमन कायद्यातून आलेली आहे आणि ती तीन शब्दांत बसते. नेक वी, नेक क्लाम, नेक प्रेकारिओ. बळानं नाही, चोरून नाही, आणि परवानगी मागून नाही.

पहिल्या दोन अटी कुणालाही पटतील. कुंपण तोडून गेलात तर ती वाट नव्हे. रात्री लपतछपत गेलात तर मालकाला कळणारच नाही, मग त्यानं हरकत तरी कशी घ्यायची? तिसरी अट मात्र मी दोनदा वाचली. परवानगीनं हक्क तयार होत नाही, उलट परवानगी तो मारते. मालक म्हणाला, "या हो, खुशाल जा," की तुम्ही पाहुणे झालात. पन्नास वर्षं गेलात तरी पाहुणेच. म्हणून हुशार मालक अडवत बसत नाहीत, परवानगीची पाटी लावतात. न्यूयॉर्कची रॉकफेलर प्लाझा नावाची छोटी गल्ली खासगी मालकीची आहे. एरवी सगळं जग तिथून जातं, पण वर्षातून एक दिवस ती बंद ठेवतात, म्हणजे बाकीच्या दिवशी आपण कृपेनं चाललो होतो हे सिद्ध राहतं.

मला हे वाचताना फाटक आठवलं नाही. मला रस्त्यावर काढलेले माझे फोटो आठवले. कारण अनोळखी माणसाचा फोटो काढणाऱ्यांमध्ये जो वाद कधीच संपत नाही तो याच तीन शब्दांचा आहे. आधी विचारावं की नाही? विचारलं की माणूस हसतो, केस नीट करतो, खांदे मागे घेतो. मघाचा माणूस गेलेला असतो आणि त्याच्या जागी यजमान उभा राहतो. फोटो मिळतो, पण पाहुण्याला मिळतो तसा. न विचारता काढला तर दोनच प्रश्न उरतात, बळ वापरलं का आणि चोरी केली का.

चोरीचा इतिहास या कलेत चांगलाच मानाचा आहे, हे सांगताना मला जरा अवघड वाटतं. पॉल स्ट्रँड १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स लावून फिरायचा. समोरच्याला वाटायचं हा भलतीकडे बघतोय. वॉकर इव्हान्सनं १९३८ ते १९४१ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेत कोटाच्या बटणांमधून लेन्स काढली, शटरची तार बाहीतून हातात घेतली आणि समोरच्या बाकावरच्या माणसांचे चेहरे घेतले. पुस्तक मात्र १९६६ पर्यंत काढलं नाही. ते चेहरे मी तासन्‌तास बघितले आहेत. कुणीच बघत नाही असं वाटतं तेव्हा माणसाचा चेहरा कसा सैल पडतो, ते दुसऱ्या कुठल्याही मार्गानं दिसलं नसतं. तरीही ती वाट नव्हे. कोटाच्या आतल्या कॅमेऱ्याला हरकत घ्यायची संधी त्या माणसांना नव्हतीच.

मी यात सोवळी नाही. कॅमेरा कमरेशी धरून, दुसरीकडे बघत बघत मीही फोटो काढलेत. एक बाई थांब्यावर उभी राहून रडत होती, आवाज न करता, नाकाचा शेंडा लाल झालेला, आणि एका हातानं बॅगेची चेन उघडबंद करत होती. सारखी उघडबंद. मी कमरेवरून एकच काढला. कुणाला दाखवला नाही, दाखवणारही नाही. पुसवतही नाही. माझ्याकडे असलेल्या चांगल्या फोटोंपैकी तो आहे, आणि तो माझा नाही हे मला कळतं.

बळाचा प्रकार उघड असतो म्हणून त्याबद्दल फार बोलायला नको. तोंडासमोर जाऊन फ्लॅश मारणं, नको म्हणणाऱ्याच्या मागे जाणं, पडलेल्या, आजारी, झोपलेल्या माणसाला घेणं. झोपलेल्याला कुणी बळ लावत नाही असं म्हणता येईल. पण जो जागा होऊन हात आडवा करू शकत नाही त्याच्यापुढं लेन्स धरणं म्हणजे पडक्या कुंपणातून आत शिरणंच आहे. हा माझा नियम आहे, कायदा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं सांगतो.

कायद्याची गंमत अशी की तो नेहमी कॅमेऱ्याच्या मागून धावला आहे. १८८८ मध्ये कोडॅकचा पहिला हातात मावणारा कॅमेरा आला, आत १०० फोटोंचा रोल. दोनच वर्षांत, डिसेंबर १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या बॉस्टनच्या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला आणि त्यात झटपट फोटो आणि वर्तमानपत्रं यांच्याकडे बोट दाखवलं. पुढं १९०२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका तरुणीचा खटला गाजला. तिला न विचारता तिचा चेहरा पिठाच्या जाहिरातीवर छापला होता, २५ हजार प्रती. न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी तिला हक्क नाही म्हणून सांगितलं. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी विधिमंडळानं कायदा करून जाहिरातीसाठी आणि धंद्यासाठी परवानगी सक्तीची केली. जर्मनीत तर कायदा एका प्रेतामुळं झाला. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला त्या रात्री दोन छायाचित्रकार खिडकीतून आत शिरले आणि मृत्युशय्येचा फोटो घेऊन पळाले. त्यातून १९०७ चा कायदा आला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. त्यात एक अपवाद आहे तो मला छायाचित्रकार म्हणून फार शहाणा वाटतो. देखाव्यात माणूस केवळ आनुषंगिक म्हणून आला असेल तर चालेल. म्हणजे वाट दाखवताना वाटसरू आला तर हरकत नाही, वाटसरूलाच धरून बसलात तर विचारा.

पॅरिसचा तो पॉलिश करून घेणारा माणूस यात कुठं बसेल, ठरवा तुम्ही.

याच प्रश्नावर दोन खटले मला एकमेकांसमोर ठेवावेसे वाटतात. क्विबेकमध्ये १७ वर्षांची एक मुलगी एका इमारतीच्या पायरीवर बसली होती. तिचा फोटो एका कलाविषयक मासिकात आला, त्या अंकाच्या ७२२ प्रती खपल्या होत्या. फोटोत वाईट काही नव्हतं. वर्गातले लोक हसले, एवढंच. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला आणि २ हजार डॉलरची भरपाई कायम केली. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डीकोर्सियानं १९९९ ते २००१ दरम्यान टाइम्स स्क्वेअरमध्ये उंचावर दिवे बांधून, लांबून, जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यांतल्या एका वृद्धानं दावा लावला, धर्मानं मला प्रतिमा वर्ज्य आहे म्हणाला. २००६ मध्ये तो हरला: ही कला आहे, धंदा नव्हे, शिवाय मुदतही उलटली. मुलगी थांबली होती, म्हातारा चालत होता. निकालांची कारणं अर्थातच निराळी आहेत, पण माझ्या डोक्यात ही जोडी अशीच बसली आहे.

आता पुन्हा पायांकडे येते, कारण खरी मेख तिथं आहे.

रस्त्यावरचा हक्क म्हणजे नेमका कशाचा हक्क? जुन्या इंग्लिश कायद्याचं उत्तर: जाण्याचा आणि परत येण्याचा. खालची जमीन मालकाचीच. १८९३ मध्ये ड्यूक ऑफ रटलंडच्या माळावरून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर एक माणूस उभा राहून रुमाल हलवत होता आणि छत्री उघडमीट करत होता. पलीकडे ड्यूकची पाखरांची शिकार चालली होती, ती पाखरं उडवून लावायला. ड्यूकच्या माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. त्यानं मारहाणीचा दावा केला आणि तो हरला. का, तर तो जात नव्हता. जात नसेल तर तो रस्त्यावर असूनही घुसखोर. पुढं १९०० मध्ये दुसरा खटला. शर्यतीच्या घोड्यांची तालीम चालायची त्या मैदानाशेजारच्या रस्त्यावर एक जण दुर्बीण घेऊन सुमारे १५ यार्डांच्या टप्प्यात दीड तास येरझारा घालत होता आणि वहीत नोंदी करत होता. तोही घुसखोर ठरला. पाय चालत होते, पण ते जात नव्हते.

हा दुसरा माणूस वाचताना मी खुर्चीत अंग चोरून बसले. १५ यार्ड, दीड तास, हातात यंत्र. माझीच रविवार सकाळ!

मात्र त्याच निकालात न्यायमूर्ती ए. एल. स्मिथ यांनी एक वाक्य टाकून ठेवलं आहे, त्यावर मी आजवर तग धरून आहे. दमून कुणी रस्त्याकडेला बसला तर त्याला घुसखोर म्हणणं योग्य नाही, आणि रस्त्यावरून कुणी एखादं चित्र रेखाटलं तर कुठलाही समंजस माणूस त्याला घुसखोरी म्हणणार नाही, अशा आशयाचं. म्हणजे बसायला हरकत नाही. बघायलाही नाही. बघून आपल्या वहीत काढायलाही नाही. पलीकडच्या माणसाची जी गोष्ट त्यानं तुमच्यासाठी मांडलेली नाही ती उचलून नेऊन विकलीत, की बिनसलं. पुढं १९९९ मध्ये, स्टोनहेंजजवळच्या रस्त्याकडेला जमलेल्या लोकांच्या खटल्यात, हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, तीन विरुद्ध दोन मतांनी हा हक्क आणखी सैल केला: इतरांच्या जाण्यायेण्याला अडथळा होत नसेल तर कुठल्याही वाजवी कारणासाठी रस्ता वापरता येतो. थांबण्याला मान मिळायला शंभर वर्षं लागली.

इथवर आल्यावर मला माझी उपमा फारच आवडायला लागली होती. वाट पडते तसा फोटो काढावा: उघडपणे, जोर न लावता, न विचारता, आणि चालत राहावं. एका मैत्रिणीला फोनवर मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पण वाटेनं गेलेला माणूस वाट पिशवीत घालून घरी नेत नाही ना गं."

तिच्या एका वाक्यानं उपमेचं चाक निखळलं. चालणारा जमिनीवरून जातो, जमीन जागेवर राहते, मालक तिच्यावर तितकाच मालक. मी गेल्यावर तुमचा चेहरा तुमच्याकडे असतोच, पण त्याची एक प्रत माझ्याबरोबर चालू लागलेली असते आणि ती कुठं थांबेल ते माझ्याही हातात नाही. इव्हान्सचे प्रवासी पंचवीसएक वर्षं खोक्यात पडून होते. आजच्या फोटोला खोकं नाही. चेहऱ्यावरून माणूस शोधून देणारी यंत्रं आहेत, फोटोत वेळ आणि जागा आपोआप कोरलेली असते. 'मी आज इथं नाहीये' म्हणणाऱ्याला खोटं पाडायला माझी एक बोटभर हालचाल पुरे.

वीस वर्षांचं गणितही उलटं पडतं. वाटेच्या मालकाला हरकत घ्यायला वीस वर्षं असतात. रस्त्यावरच्या माणसाला सेकंदाचा एखादा शंभरावा भाग. म्हणूनच मला जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनची गोष्ट आवडते. त्यांच्या कॅमेऱ्याचा आवाज सहजासहजी बंद करता येत नाही. खट्‌ असं वाजतंच. हरकत घ्यायला निदान दाराची कडी वाजली.

स्वीडनमध्ये कुणाच्याही रानातून फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, १९९४ पासून राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे, आणि त्याचा नियम तिथं दोन शब्दांत शिकवतात: त्रास देऊ नका, नासधूस करू नका. स्कॉटलंडनं २००३ च्या कायद्यात जवळजवळ सगळ्या जमिनीवर जबाबदारीनं फिरायला मुभा दिली, पण घराभोवतीची तेवढी जागा वगळली जेवढी आतल्या माणसाला वाजवी खासगीपणासाठी लागते. फुटपट्टी दिलेली नाही. जागा बघून ठरवायचं. मला वाटतं, माणसाभोवतीही असं एक अंगण असतं, आणि ते घटत-वाढत असतं. मिरवणुकीत नाचणाऱ्याचं अंगण जवळपास शून्य. बूट काढून बसलेल्याचं भिंतीपर्यंत.

आणि उंचावरून बघणाऱ्यांना तर ही जाणीव राहतच नाही. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या दहाव्या मजल्यावरच्या सज्जातून समोरच्या काचेच्या घरांत वर्षाला पाच-सहा लाख लोक डोकावायचे, फोटो काढायचे. जमिनीपासून छतापर्यंत काच असलेलं घर घेतलंत तर पडदे लावा, असं खालच्या न्यायालयानं सुचवलं होतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी रहिवाशांची बाजू घेतली. प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्याशी तुलना झाली त्या निकालात. मला आठवतं, 'पडदे लावा' हे मलाही आधी रास्त वाटलं होतं. मग कळलं की हेच वाक्य रस्त्यावरच्या बाईला किती प्रकारांनी ऐकवलं जातं.

सध्या मी काय करते? कॅमेरा छातीशी, दिसेल असा. कमरेवरून बंद. मुलं नाहीत, झोपलेले नाहीत. नजरानजर झाली तर हसून कॅमेरा थोडा वर करते. मान हलली तर काढते, हात हलला तर चालू पडते. पुसा म्हटलं की पुसते, कारण विचारत नाही. यानं माझे फोटो सुधारले नाहीत. खरं सांगायचं तर थोडे बिघडलेच आहेत, सगळ्यांचे खांदे मागे गेलेले.

गेल्या आठवड्यात फाटकापर्यंत गेले होते. साखळी तशीच, ठिपका तसाच. कुणीतरी तारेच्या कडेनं, शेताच्या बांधाबाहेरून ओढ्याकडे जायला सुरुवात केली आहे. गवत हातभर रुंदीत आडवं झालंय. बघत उभी होते तेवढ्यात मागून पावलं वाजली. निळा शर्ट नव्हता, पण मान तीच. मी लगेच ओळखलं. पुसलेला फोटो डोळ्यांतून गेलेला नव्हता. त्यांनी मला ओळखलं नाही.

"इथून बंद केलंय का हो?" त्यांनी विचारलं.

"फाटकातून बंद आहे. कडेनं जातात लोक. तारेला धरून, मग डावीकडे."

"बरं झालं भेटलात," म्हणाले आणि गेले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. आडव्या गवतावरून ते वळेपर्यंत मी हात खिशात ठेवले.

मग मीही निघणार तर बुटात खडा टोचला. फाटकाच्या पायाचा दगड होता, त्यावर पाय ठेवला आणि नाडी सोडायला वाकले. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. वर खांबावर लाल ठिपका लागलेला होता.